कव्हरवर पट्टी ठेवून बघ गो

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की प्रेसमधे रात्रपाळीला असताना छपाईची प्लेट येईपर्यंत झोप घालवायला जुनी रॉक मासिकं चाळत बसायचे. झालं, त्यावरून पत्रांची रीघ लागली. लोणच्याला बुरशी का येते आणि सासूचं काय करू ही नेहमीची पत्रं बाजूला ठेवलीत, ती पुढच्या महिन्यात. यावेळी फक्त मासिकं.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी फोंड्याची, डिझाईन शिकते. कॉलेजचं नाव छापू नका प्लीज. आम्हाला रॉक म्युझिक मासिकांच्या दृश्य मांडणीचं विश्लेषण करायचा प्रोजेक्ट आहे, दोन कव्हर आणि दोन आतली पानं घ्यायची. मी बारा पानं लिहिली. सरांनी लाल पेनने 'बंडखोर' हा शब्द सतरा वेळा आलाय असं मोजून वही परत दिली. आता रॉक मासिक बंडखोर नाही म्हणू तर काय म्हणू?

उत्तर : राग मानू नको हां, पण सरांनी मोजलं ते बरं केलं. बंडखोर हे तुझं मत झालं, पानावर काय आहे ते कुठे सांगितलंस?

आधी रॉक बाजूला ठेव आणि जत्रेतल्या नाटकाचं हँडबिल आठव. पिवळा पातळ कागद, लाल आणि काळी अशी दोनच शाई, नाटकाचं नाव तिरकं आणि दातेरी, खाली तीन उद्गारचिन्हं, कोपऱ्यात नायकाचा डोळे वटारलेला फोटो. तियात्राच्या, म्हणजे आमच्या कोकणी नाटकाच्या, पोस्टरवर पण हेच. आता हे सगळं जसंच्या तसं उचलून एखाद्या मेटल, म्हणजे कडक रॉकच्या, मासिकाच्या कव्हरवर ठेव, तू लगेच 'आक्रमक, बंडखोर' लिहिशील, पण देवळाच्या कमिटीने छापलेल्या हँडबिलाला तू बंडखोर म्हणणार नाहीस ना? दोन रंग यासाठी की चार रंगांना पैसे जास्त पडतात, पिवळा कागद यासाठी की तो स्वस्त आणि भिंतीवर लांबून दिसतो, आणि दातेरी अक्षर यासाठी की बसमधून जाणाऱ्याला वाचायला दोन सेकंद मिळतात. तर कुठलंही पान हातात घेतलंस की पहिला प्रश्न हा विचार की हे असं करणं त्यांना भाग होतं का, की त्यांनी मुद्दाम निवडलं? माझ्या मते निम्मं विश्लेषण तिथेच होतं.

यावरचं माझं आवडतं उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचं आहे. तिथे १९६६ ते ६८ 'ओरॅकल' नावाचं हिप्पींचं वर्तमानपत्र निघायचं, पानंच्या पानं इंद्रधनुष्यासारखी. ते कसं करायचे तर मशीनच्या शाईच्या डक्टमधे (शाई भरायच्या खोबणीत) एकाऐवजी दोन-तीन रंग शेजारी शेजारी ओतायचे, रोलर फिरायला लागले की रंग कडेला एकमेकांत मिसळतात, गुलाबीचा केशरी होतो आणि केशरीचा पिवळा. आमच्याकडचे मशीनवाले त्याला रेनबो म्हणायचे आणि मालक नसला की हळूच करून बघायचे. आणि त्याच शहरात, त्याच लोकांसाठी, १९६७ च्या नोव्हेंबरात 'रोलिंग स्टोन' सुरू झालं. ते बघ कसं होतं. साधा न्यूजप्रिंट (वर्तमानपत्राचा कागद), सरळ कॉलम, पुस्तकी टाइप, भोवती जाड-बारीक अशा जोड रेषांची चौकट, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या जुन्या भारदस्त दैनिकासारखं. ही मांडणीही त्यांनी नवीन काढली नव्हती, संपादक जॅन वेनर आधी ज्या 'संडे रॅम्पार्ट्स' या पत्रात होते ते बंद पडलं होतं, त्याचीच बरीचशी उचलली. सायकेडेलिक (नशेत दिसावं तसं) म्हणावं असं एकच, वरचं नाव, ते पोस्टरवाल्या रिक ग्रिफिन यांनी हाताने काढलेलं.

म्हणजे बघ, ज्यांना बंडखोर म्हणायचं त्यांनीच नेमकं शिस्तीचं पान निवडलं. तोवर तिथल्या बहुतेक मोठ्या पेपरांना रॉक म्हणजे पोरांचा धिंगाणा वाटायचा, आणि हे लोक चौकटीतून सांगत होते की आम्ही या संगीताची बातमी बातमीसारखी देणार. सुरुवातीला सोयीपोटी घेतलेली चौकट पुढे त्यांची ओळख झाली, नंतर छपाई सुधारली, गुळगुळीत कागद आला तरी ती त्यांच्या पानांवर दिसायची. असं काही सापडलं की ते लिही, सर लाल पेन खाली ठेवतील.

आता हातात काय घ्यायचं ते सांगते. फूटपट्टी, पेन्सिल, आणि आजोबांचं भिंग. मी माझ्याकडचा एक अंक समोर ठेवलाय, हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात एक परदेशी बाई घरी परत जाताना सगळं सामान विकत होती तिच्याकडून घेतलेला, सत्तरच्या दशकातलं ब्रिटिश साप्ताहिक, वरची नावाची पट्टी फाटून गेलीय. कव्हरवर गायकाचं तोंड. पट्टी लावली तर हनुवटीपासून केसापर्यंत एकोणीस सेंटिमीटर, म्हणजे माणसाच्या खऱ्या तोंडाएवढं जवळजवळ. डोळे सरळ आपल्याकडे. भिंगातून बघितलं तर ठिपके एवढे मोठे की मोजता येतात, कारण न्यूजप्रिंट शाई पितो, बारीक ठिपके ठेवले तर पसरून सगळा चिखल होतो, म्हणून स्क्रीन, म्हणजे ठिपक्यांची जाळी, जाड ठेवावी लागते. आणि लाल रंग मिलिमीटरभर उजवीकडे सरकलाय म्हणून त्या बिचाऱ्याला दोन खालचे ओठ आलेत. आता हा अंक तुझ्या वर्गात दिला तर कोणीतरी नक्की लिहील की 'दुहेरी ओठांतून विस्कटलेली मनःस्थिती सूचित होते'. अगो, मशीनमन चहा प्यायला गेला असणार, रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगावर रंग नेमका बसणं, हललं, बाकी काही नाही. तिकडे या साप्ताहिकांना लोक 'इंकीज' म्हणायचे, कारण वाचून झालं की बोटं काळी व्हायची. त्यातलं एनएमई (न्यू म्युझिकल एक्सप्रेस) १९५२ पासूनचं, कागदावरचं साप्ताहिक २०१८ मधे बंद झालं, आणि मेलडी मेकर तर १९२६ चं, आपल्या पणजोबांच्या वेळचं.

डोळ्यांचं मात्र नीट लिही. क्रेस आणि व्हॅन लीव्हन म्हणून दोघे अभ्यासक आहेत, चित्र वाचायचं कसं यावर त्यांचं काम आहे, ते म्हणतात की चित्रातला माणूस सरळ बघत असेल तर तो तुमच्याकडून काहीतरी मागतो, आणि दुसरीकडे बघत असेल तर तो स्वतःला बघू देतो. पटायला सोपं आहे, देवळातल्या मूर्तीचे डोळे आणि कॅलेंडरवरच्या खिडकीतून बाहेर बघणाऱ्या बाईचे डोळे आठव. रॉकच्या कव्हरवर बहुतेक वेळा मागणारे डोळे असतात. म्हणूनच जिथे नसतात तिथे थांब. २२ जानेवारी १९८१ चं रोलिंग स्टोनचं कव्हर घे. ॲनी लिबोविट्झ यांनी काढलेला फोटो, बीटल्समधला जॉन लेनन, उघडा, काळे कपडे घातलेल्या बायकोला, योको ओनोला, लहान पोर आईला बिलगतं तसा बिलगलाय. डोळे मिटलेले, तो आपल्याकडे बघतच नाही. फोटो ८ डिसेंबर १९८० चा, त्याच रात्री त्याचा खून झाला. आणि कव्हरवर मासिकाच्या नावाखेरीज एक हेडिंग नाही. सगळ्या जगाला बातमी माहीत होती, त्यांना काही ओरडून सांगायची गरज नव्हती. २००५ मधे अमेरिकेतल्या मासिक संपादकांच्या संघटनेने मागच्या चाळीस वर्षांतलं सगळ्यात चांगलं कव्हर म्हणून हेच निवडलं. हे तुझ्या दोनांपैकी एक घेतलंस तर दुसरं उलट टोकाचं घे, म्हणजे केरँग. हे १९८१ च्या जूनमधे 'साउंड्स' नावाच्या साप्ताहिकाची पुरवणी म्हणून आलं, पहिल्या कव्हरवर एसी/डीसी बँडचा गिटारवाला अँगस यंग, आणि नाव म्हणजे गिटारच्या तारांवर जोरात हात मारल्यावर येतो तो आवाज, वर उद्गारचिन्ह. नावाची अक्षरं तडे गेलेली, काचेवर दगड बसल्यासारखी. नावात आवाज आणि अक्षरात पण आवाज. इथे तडे कोणी नाइलाजाने काढलेले नाहीत, इथे मुद्दाम आहे, इथे तुला जोरकस वगैरे शब्द वापरायची परवानगी, एकदाच.

अजून एक, कव्हर टेबलावर सपाट ठेवून बघू नको. पणजीच्या कदंबा बसस्टँडजवळ पेपरच्या स्टॉलवर जा आणि बघ मासिकं कशी लावलीत, एकावर एक अशी की प्रत्येकाची फक्त वरची चार बोटं दिसतात. ब्रिटनमधल्या दुकानांच्या रॅकमधे ती आडवी एकमेकांवर येतात, म्हणून डावी बाजू उघडी राहते, आणि म्हणून 'क्यू' मासिकाचा तो लाल चौकोनातला पांढरा क्यू वर डाव्या कोपऱ्यात असायचा. नाव कुठे आहे, ते गायकाच्या डोक्याने झाकलंय का (झाकलं असेल तर मासिकाला खात्री आहे की नाव अर्धं दिसलं तरी लोक ओळखतील), किती हेडिंगं आहेत, सगळ्यात मोठं अक्षर सगळ्यात लहान अक्षराच्या कितीपट, एवढं मोजलंस तरी पानभर मजकूर होतो.

आतल्या पानांचं थोडक्यात सांगते कारण जागा संपत आली. कॉलम किती, मजकुराच्या दहा ओळी किती सेंटिमीटरात बसतात, फोटो पानाच्या कडेपर्यंत गेलाय की भोवती पांढरं सोडलंय. रोलिंग स्टोनला १९८७ पासून फ्रेड वुडवर्ड आर्ट डायरेक्टर होते, त्यांची लेखाची सुरुवातीची जोडपानं मिळाली तर बघच, उजवीकडे पूर्ण पानभर फोटो आणि डावीकडे पानभर नुसती अक्षरं, आणि ती अक्षरं त्या त्या माणसाच्या स्वभावाला शोभतील अशी दर वेळी वेगळी बसवलेली. मी ते बघून एकदा मालकाला म्हटलं आपण पण दिवाळी अंकात असं करू, तर मालक म्हणाले त्या डाव्या पानात दोन जाहिराती बसतात.

भारतातलं एखादं घ्यायचं असेल तर 'रॉक स्ट्रीट जर्नल' शोध. अमित सैगल यांनी १९९३ साली अलाहाबादेतून सुरू केलं, मुंबई-बंगळूर सोडून अलाहाबाद, बघ. ते २०१२ च्या जानेवारीत आपल्या गोव्यातच समुद्रात बुडून गेले.

प्रश्न : एका अमेरिकन मासिकात अख्खी मुलाखत चिन्हांत छापली होती, एकही अक्षर नव्हतं, असं माझा भाचा सांगतो. थाप आहे ना? – मडगाव

उत्तर : भाच्याला एक चहा पाजा, खरं आहे. 'रे गन' नावाचं मासिक, डेव्हिड कार्सन त्याचे आर्ट डायरेक्टर, १९९४ मधे गायक ब्रायन फेरीची मुलाखत त्यांना कंटाळवाणी वाटली म्हणून त्यांनी ती सगळीच्या सगळी झाफ डिंगबॅट्स या फॉण्टात लावली. त्यात अक्षरांच्या जागी फुल्या, चांदण्या, कात्री, हात असली चित्रं असतात. आपल्याकडे श्रीलिपीतली (मराठी टाइप करायच्या जुन्या फॉण्टातली) फाईल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की व्हायचं तसंच, फक्त यांनी ते मुद्दाम केलं आणि जगभर नाव झालं. आमच्याकडे तसंच चुकून झालेलं, एका लग्नपत्रिकेत वराच्या नावाजागी, तेव्हा मला मात्र दोन दिवस कोणी चहा विचारला नाही. एक राहिलं, तीच मुलाखत त्याच अंकात मागे वाचता येईल अशी पण छापली होती, हे लोक सांगायचं विसरतात. मला कार्सनची पानं आवडतात पण त्यांची नक्कल करणाऱ्या पोरांचा वैताग येतो, त्यांनी आधी वाचून मग कंटाळून केलं, पोरं न वाचताच करतात.

प्रश्न : माझे मिस्टर आखातातून येताना दर वेळी इंग्रजी संगीताची मासिकं आणायचे. चार खोके भरून आहेत, पिवळी पडलीत, वास येतो. मुलगा म्हणतो टाकून दे, ह्यांचा जीव आहे त्यात. काय करू? – म्हापसा

उत्तर : टाकू नका हो वहिनी, निदान मला दाखवल्याशिवाय नको.

पिवळं पडतं ते न्यूजप्रिंट, त्यात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं, उजेड आणि हवा लागली की ते रंग बदलतं, ते आता परत पांढरं होणार नाही. पुढचं थांबवायचं तर उजेडापासून लांब ठेवा. वास येतो तो बुरशीचा, आणि आपल्या पावसात ती यायचीच. मार्च-एप्रिलात एखाद्या कोरड्या दिवशी सावलीत, उन्हात नव्हे, पानं उघडून पंख्याखाली ठेवा आणि मऊ कोरड्या ब्रशने अंगणात झटका, तोंडाला फडकं बांधून. ओलं फडकं फिरवू नका. गुळगुळीत कागदाचे अंक ओले झाले असतील तर पानं एकमेकांना चिकटतात, ओढाल तर फोटो निघून येईल, ते तसेच सोडा. खोकं जमिनीवर नको, भिंतीला टेकून पण नको, वाळवी तिथूनच चढते. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलंत तर आतल्या आत दमट राहून जास्त बिघडेल. आणि मधल्या पिना बघा, खाऱ्या हवेने गंजल्या असतील, त्या हळूच काढून त्याच भोकांतून पांढऱ्या सुती दोऱ्याने टाका घाला, माझ्या हणजुण्याच्या अंकाला मी तेच केलंय. फाटलेल्या जागी सेलोटेप अजिबात नको, दोन वर्षांत ती सुटते आणि तपकिरी डाग मागे ठेवते.

प्रश्न : आम्ही डिचोलीचे चौघे, मराठी रॉक वाजवतो, ताई तुम्ही ऐकलं नसेल. स्वतःचं सोळा पानी छोटं मासिक काढायचंय, झेरॉक्सवर. नाव एकदम मेटलसारखं टोकदार हवं पण देवनागरीत केलं की ते 'भूतबंगला' वाटतं. काय चुकतंय?

उत्तर : शिरोरेषा चुकतेय. रोमन लिपीतले मेटल बँडचे लोगो बघा, त्यात पहिल्या आणि शेवटच्या अक्षराला शेपट्या खाली लोंबतात आणि दोन्ही बाजू आरशासारख्या जुळतात. तुम्ही तेच आपल्या अक्षरांना लावायला जाता आणि रेघेखालून रक्त गळतंय असं काढता, ते भयपटाच्या पोस्टरवर इतक्या वेळा झालंय की डोळा तिकडेच जातो. देवनागरीत जोर वरच्या रेघेत असतो, खालून लोंबवण्यापेक्षा ती रेघच तोडा, तिरकी करा, जाड करून मधेच चिरा पाडा. वेलांटी आणि मात्रा रेघेच्या वर जातात, टोकं काढायची जागा ती. इंग्रजी मासिकं बघायच्या आधी कमल शेडगे यांची नाटकांच्या जाहिरातींतली अक्षरं बघा, नुसत्या नावावरून नाटक हसवणार की रडवणार ते कळायचं. कॉम्प्युटरवर बसू नका, आधी ब्रशने किंवा सुपारीच्या काडीने पन्नास वेळा काढा.

झेरॉक्सची लाज वाटून घेऊ नका. लंडनमधे १९७६ च्या जुलैत मार्क पेरी या बँकेतल्या कारकुनाने 'स्निफिन ग्लू' काढलं, मजकूर टाइपरायटरवर, हेडिंग मार्करने, आणि झेरॉक्स. वर्षभराहून थोडंच जास्त चाललं पण पंक रॉकचं मासिक म्हटलं की आजही तेच रूप डोळ्यासमोर येतं. आणि आपल्याकडे गायक रेमो फर्नांडिस यांनी ऐंशीच्या दशकात शिवोलीच्या घरी गाणी रेकॉर्ड करून कॅसेटी स्वतः स्कूटरवरून दुकानात नेऊन दिल्या, तुम्हाला लांब जायला नको.

बाकी कामाचं ऐका. सोळा पानं म्हणजे ए-फोरचे चार कागद, दोन्ही बाजूंनी, मधे घडी. पहिल्या कागदावर एका बाजूला सोळा आणि एक, मागे दोन आणि पंधरा. आधी कोऱ्या कागदाची डमी करून घडी घाला आणि पेन्सिलने आकडे टाका, नाहीतर ड्रमरची मुलाखत अर्धी तिसऱ्या पानावर आणि अर्धी चौदाव्यावर जाईल. झेरॉक्सला करडा रंग झेपत नाही, फोटो एकतर कडक काळा-पांढरा करा नाहीतर मोठे ठिपके पाडून घ्या. मजकुराच्या ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर ठेवा, आपले उकार वरून खाली आणि वेलांट्या खालून वर येऊन भांडतात. घडीवर पिन मारायला लांब हाताचा स्टेपलर लागतो, तो झेरॉक्सवाल्याकडे असतो, मागा. आणि काय ते मे संपायच्या आत छापून घ्या, एकदा पाऊस सुरू झाला की कागद दमट होऊन मशीनमधे अडकतो आणि प्रत्येक अडकलेल्या कागदाचे पैसे तो तुमच्याकडूनच घेणार.